फायरबॉलच्या फोटोवरून त्याची वाट आणि कक्षा कशी काढायची

शुक्रापेक्षाही झगझगीत उल्का म्हणजे फायरबॉल, आणि तो कॅमेऱ्यात सापडला असेल तर कुठून आला हे खरंच काढता येतं. पण एकट्या फोटोवर नाही, त्यात नुसती दिशा कळते, अंतर नाही. म्हणून आधी 50-100 किमी लांबून कुणी तोच टिपलाय का ते शोधा. ओरिजिनल फाइलच मागा, क्रॉप केलेली नको, कारण लेन्सचं सेंटर कुठे होतं तेच मग कळत नाही. कॅमेऱ्याची नेमकी जागा लिहून ठेवा, घड्याळ किती पुढेमागे होतं तेही.

आता चांदण्या. स्टेलेरियममध्ये (आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर) 15-20 तरी ओळखा, प्रत्येकीचा पिक्सेल नोंदवा, त्यावरूनच फोटोतला कुठला पिक्सेल आकाशात कुठे बघतो ते कळतं; कडेच्याही घ्या कारण वाइड लेन्स तिथे चित्र ताणते. काम कंटाळवाणं आहे आणि सगळे इथेच घाई करतात, पण 100 किमीवर 1 अंश चुकलं की पावणेदोन किमीचा घोळ झालाच.

कॅमेरा आणि उल्केची फोटोतली रेघ मिळून एक सपाट प्रतल होतं. अशी दोन प्रतलं जिथे छेदतात तीच उल्केची वाट. ती जवळजवळ एकावर एक पडत असतील तर उत्तर डळमळतं, तिसरा फोटो शोधा.

मग वेग. लांब एक्स्पोजरमध्ये रेघ सलग येते, त्यातून वेग कसा काढणार? तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात कॅमेऱ्यापुढे फिरतं शटर लावायचे, रेघेचे ठरावीक वेळेचे तुकडे पडायचे, आणि त्यावरूनच 7 एप्रिल 1959 ला प्रिब्रामजवळ पडलेल्या उल्कापाषाणांची कक्षा निघाली, थेट लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत जाणारी. फोटोवरून कक्षा कळलेले हे पहिले उल्कापाषाण. आता व्हिडिओ असेल तर सोपं, सेकंदाला 25 फ्रेम आणि वेग 20 किमी/सेकंद असेल तर दर फ्रेमला 800 मीटर. वेग सुरुवातीच्या भागातूनच घ्या, पुढे हवा ब्रेक लावते.

आता पृथ्वीची ओढ वजा करा, पण वर्ग करून: वेग 20 चा वर्ग 400, त्यातून पृथ्वीच्या मुक्तिवेगाचा, म्हणजे 11.2 किमी/सेकंदाचा वर्ग 125 वजा, म्हणजे 275, वर्गमूळ साधारण 16.6. ओढीने दिशाही वाकते आणि पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचाही थोडा वाटा असतो, तेवढी दुरुस्ती करा. मग त्यात पृथ्वीचा सूर्याभोवतीचा 30 किमी/सेकंद वेग दिशेसकट मिळवा, त्या दिवशी पृथ्वी कुठे होती ते घ्या, झाली कक्षा. बेरीज 42 किमी/सेकंदाच्या वर गेली, म्हणजे सूर्याची ओढही धरून ठेवू शकणार नाही इतकी, तर दुसऱ्या ताऱ्याकडून पाहुणा आला म्हणून ओरडू नका, आधी फ्रेम परत मोजा.