आधी आवाज बंद करा

सत्तावीस वर्षं मी अंधेरीच्या एका स्टुडिओत सिनेमांसाठी पावलांचे आवाज काढले. रेतीच्या पेटीत चपला घालून जागच्या जागी धावायचं, नजर पडद्यावर. त्या सवयीने सरकारी पैशातून झालेला खेळांचा माहितीपट लावला की माझं बोट आधी म्यूटवर जातं. त्यातला प्रचार ओळखायचा असेल तर तुम्हीही पहिली वीस मिनिटं नुसतं चित्र बघा.

सुरुवात जर्मन दिग्दर्शिका लेनी रिफेनश्टालच्या ‘ऑलिम्पिया’ने करा. विषय, बर्लिनचं 1936 चं ऑलिम्पिक. पैसा सगळा नाझी सरकारचा, पण तसं दिसू नये म्हणून मध्ये एक खासगी कंपनी उभी केली होती. पहिला खेळ 20 एप्रिल 1938 ला, हिटलरच्या वाढदिवशी. म्हणजे श्रेयनामावलीत निर्मात्याचं नाव वाचलं की काम संपत नाही, त्यामागचा खिसा शोधायचा.

मग वही घ्या. नेता किंवा झेंडा दिसला की घड्याळ बघून वेळ लिहा, आणि त्याच्या आधी-नंतर कोणता शॉट जोडलाय तेही. माझी वही बघून भाचा म्हणाला, “मावशी, धोब्याचा हिशेब वाटतोय.” वाटू दे. यात एक गंमत कळते: जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूला इथे, नाझींच्या पैशातल्या चित्रपटात, भरपूर जागा आहे. प्रचार नेहमी आरडाओरडा करत येत नाही.

आता आवाज चालू करून तेच परत बघा. गर्दीची गर्जना, धापा, पावलं यातलं बहुतेक सगळं नंतर स्टुडिओत तयार केलेलं आहे. म्हणजे आमच्याच जातकुळीचं काम! कुठे गर्जना वाढते आणि कुठे शांतता येते, ते समासात लिहा.

तुलनेला जपानी दिग्दर्शक कोन इचिकावाचा, टोकियोच्या 1964 च्या ऑलिम्पिकवरचा चित्रपट घ्या. सुरुवातीला उगवता सूर्य, आणि लगेच जुन्या इमारती पाडणारा लोखंडी गोळा. चाडहून आलेला एक धावपटू हरतो, एकटाच बसून जेवतो, आणि कॅमेरा त्याच्याजवळच थांबतो. जपानी मंत्री यावर नाराज झाले होते. कुठलाही सरकारी खेळपट बघताना हरलेल्याला किती सेकंद मिळाले ते मोजा. मी तरी त्यावरून बरंच ठरवते.

आपल्याकडचं बघायचं तर 1948 साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट-संस्थेची वृत्तचित्रं आहेत. मुंबईत पेडर रोडवर तिच्याच आवारात, गुलशन महालात, आता सिनेमाचं संग्रहालय आहे. थिएटरात मुख्य सिनेमाआधी ही वृत्तचित्रं दाखवणं सक्तीचं होतं, आणि माझे काका तेवढ्यात चहा पिऊन यायचे. यांत निवेदकाचा आवाज काढला की किती उरतं, ते बघा.

शेवटी ‘ऑलिम्पिया’च्या पहिल्या भागातली बांबूउडी पुन्हा लावा. स्पर्धा लांबून अंधार पडला होता, म्हणून खेळाडूंना दुसऱ्या रात्री परत बोलावून उड्या मारायला लावल्या. काळ्या आकाशावर तो माणूस वर जातो. म्यूटच ठेवा.