मेमरीतली पावती एक्सएमएल फाइलमध्ये ठेवताना

लातूरच्या मोंढ्यातल्या सोयाबीनच्या पावत्यांचा प्रोग्रॅम सी-शार्पमध्ये असेल, तर मेमरीतली पावती 'एक्सएमएल-सिरिअलायझर'ने (मेमरीतली माहिती एक्सएमएल, म्हणजे टॅग लावलेल्या साध्या मजकुरात बदलणारं सी-शार्पचं तयार साधन) फाइलमध्ये उतरवा. तीच फाइल हिशेबाच्या दुसऱ्या, अगदी जावातल्या प्रोग्रॅमलाही वाचता येते. पावतीचा क्लास (तिचा साचा) पब्लिक, म्हणजे बाहेरून दिसणारा हवा, बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर (काही न देता कोरी पावती तयार करणारा भाग) हवा. प्रायव्हेट फील्ड (क्लासच्या आतच दिसणारे रकाने) मात्र गुपचूप गळतात, एररसुद्धा येत नाही. वजन तिथं ठेवलं असेल तर बसा शोधत!

फाइल उघडताना 'ओपन-ऑर-क्रिएट' (जुना मजकूर तसाच ठेवून उघडणारा) नको, 'क्रिएट' (जुना मजकूर पुसणारा) मोड घ्या. नाहीतर काल ५० कट्ट्यांची यादी होती, आज त्याच फाइलवर १० ची लिहिली, की जुन्या यादीचं शेपूट खाली तसंच राहतं आणि वाचताना प्रोग्रॅम अडतो. हा घोळ मी दोनदा घातलाय.