बाल्कनीतलं खत पावसाळ्यात सडतं का? आधी पाला जमवा

ओला-सुका कचरा वेगळा करता हे धरूनच चालते, २०१६ च्या घनकचरा नियमांपासून तसा करायलाच लागतो. या ओल्या कचऱ्याचं खत करायची बादली म्हणजे भिंतीच्या रंगाची रिकामी २० लिटरची, तापवलेल्या सळईने तळाला आणि बाजूला भोकं पाडायची, दोन विटांवर ठेवायची, खाली जुनं ताट. झालं.

आता सुका पाला. इथेच सगळ्यांचं फसतं, माझंही फसलं होतं. कोपरखैरणेत राहते, पहिली बादली हौसेने जुलैत सुरू केली, भाजीची देठं, चहाचा चोथा, केळ्याची सालं नुसती टाकत गेले. आठ दिवसांत खाली काळा चिखल, कुजक्या अंड्यांचा वास आणि अळ्या थेट भिंतीवर, शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या की उंदीर मेलाय का. मग व्हिडिओ बघून कल्चर पावडरची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जंतूंच्या पावडरची, दोन पाकिटं ओतली, काही फरक नाही. पडणारही नव्हता, कारण जंतू कचऱ्यात असतातच, कमी पडते ती हवा. ओल्या कचऱ्यात बहुतेक पाणीच असतं, तो दबून बसतो, आत हवा राहत नाही आणि मग बिनहवेचे जंतू तो वास काढतात. पाला पाणी शोषतो आणि मध्ये पोकळी ठेवतो. पावडर नको असं नाही, पण पाल्याशिवाय ती पैशाची माती आहे.

म्हणून एक डबा ओला कचरा तर दोन डबे सुका पाला, आणि वरचा थर कायम पाल्याचाच. मूठभर मिश्रण घट्ट पिळा, बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर अजून पाला, काहीच नाही आलं तर पाण्याचा हबका. पावसात दर दोन दिवसांनी तळापासून वर-खाली करा, कंटाळा करू नका, आणि झाकण ठेवा पण घट्ट नको.

पाला जूनमध्ये शोधायला गेलात तर भिजलेला मिळेल. देशी बदामाची पानं उन्हाळ्याच्या आधी ढीगाने गळतात, तेव्हाच बागेत झाडणाऱ्या मावशींना सांगून दोन पोती भरून घ्या, त्या उलट खूष होतात. पाला संपला तर पुठ्ठ्याचे तुकडे किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चालतं, चकचकीत छापलेला कागद नको.

कोलंबीची सालं, माशाची आतडी, उरलेली आमटी बादलीत नको, मांजरं आणि माश्या दोन्ही येतात. करवंटी नि आंब्याची कोय महिनोन् महिने तशीच राहते. निर्माल्यातला झेंडू उत्तम, फक्त दोरा काढा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, काम चालू आहे. अळ्या दिसल्या तरी पाला वाढवा, औषध मारू नका.

बादली भरली की दुसरी सुरू करा, पहिली दोनेक महिने राहू द्या, अधूनमधून हलवा. काळपट, भुसभुशीत आणि मातीचा वास आला की चाळून घ्या, जाड राहिलेलं नव्या बादलीत टाका, त्याहून चांगलं विरजण नाही. एवढ्याशा बादलीत बिया मरण्याइतकी उष्णता होत नाही, त्यामुळे कुंडीत घातलं की टोमॅटो आणि भोपळा न सांगता उगवतात. माझ्या तुळशीत यंदा सात टोमॅटो आले, दोन ठेवले, पाच उपटून परत बादलीत.