एआय एजंटच्या हाती ‘डिलीट’ देताना: डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतनातून किंवा वालचंदमधून सिव्हिल करून सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनकडे वळणाऱ्यांना एक गोष्ट आयती मिळालेली असते: मोजमाप पुस्तिका (मेजरमेंट बुक, म्हणजे एम.बी., साइटवरच्या कामाची मापं नोंदवायची वही) कशी चालते ते माहीत असतं. एम.बी.मध्ये खोडरबर चालत नाही, पान फाडता येत नाही. चुकीच्या मापावर रेघ मारायची, शेजारी बरोबर माप लिहायचं आणि सही-तारीख घालायची. बांधकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये एआय एजंट (सांगितलेलं काम टूल वापरून स्वतः करणारा प्रोग्रॅम) जे ‘डिलीट रेकॉर्ड’ टूल चालवतो, त्याबद्दल लिहायला बसलात की डेव्हलपरला पहिला प्रश्न हाच विचारा: हे टूल रेघ मारतं की पान फाडतं?

उत्तर बहुधा ‘रेकॉर्डच्या प्रकारावर आहे’ असं येतं. उदाहरणार्थ, आरएफआय (साइटवरून खुलासा मागणारी विनंती) कचरापेटीत जातो आणि काही दिवस परत आणता येतो. फोटो मात्र कायमचा जातो. तेव्हा ‘दिलेलं रेकॉर्ड डिलीट करतं’ ही एका ओळीची ओळख अपुरी आहे. हे वर्णन माणूस सहसा वाचत नाही. भाषा-मॉडेल वाचतं आणि त्यावरूनच टूल चालवायचं की नाही ते ठरवतं. शंका आली म्हणून ते शेजारच्या टेबलावर विचारायला जाणार नाही. कोणत्या प्रकारात काय होतं, परत आणायची मुदत किती, त्यासाठीचं टूल कोणतं, हे वर्णनातच आलं पाहिजे. मंजूर आरए बिल (चालू कामाचं हप्त्याचं बिल) आणि सही झालेली मोजमापं या टूलने डिलीट करायचीच नाहीत, हेही स्पष्ट लिहा. काय करू नये ही ओळ लिहायचा आळस सगळ्यात महागात पडतो.

पुढचा भाग जोडलेल्या नोंदींचा, आणि इथेच खरी मेख आहे. जुळे सोलापुरात एखाद्या साइटवर २० घनमीटरचा स्लॅब पडला असं धरा. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे १६ ते ३० घनमीटरला ३ नमुने, एका नमुन्याचे ३ क्यूब (मशिनमध्ये दाबून ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे), म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीला ९ क्यूब. त्यांचे निकाल काँक्रीटिंगच्या नोंदीला जोडलेले. ‘स्लॅबची नोंद दोनदा पडलीय, एक उडव,’ असं सुपरवायझरने सांगितलं आणि एजंटने नेमकी निकाल जोडलेली नोंद निवडली, तर? निकालही जातील, लोंबकळत राहतील, की सर्व्हर ४०९ (‘सध्याच्या स्थितीशी विसंगत’ सांगणारा एरर कोड) देऊन नकार देईल? क्यूब तर मशिनमध्ये कधीच फुटलेत, चाचणी परत होत नाही. म्हणून प्रत्येक प्रकारापुढे त्याच्यासोबत काय जातं ते लिहायचं. डेव्हलपर ‘सगळं नीट हाताळलंय’ म्हणाला तरी टेस्ट प्रोजेक्टवर स्वतः उडवून बघायचं.

नोंद ओळखायची ती फक्त आयडीने. नावाने शोधून थेट उडवायची सोय असेल तर ती बंद करायला सांगा, कारण ‘ए विंग स्लॅब’ आणि ‘स्लॅब ए विंग’ या दोन वेगळ्या नोंदी असू शकतात. एका वेळी एकच आयडी. सोबत ‘शेवटचा बदल कधी’ हे मूल्य मागितलं तर एजंटने वाचल्यानंतर दुसऱ्या कोणी नोंद बदलली असल्यास सर्व्हर डिलीट थांबवू शकतो.

एररचा मजकूर सहसा शेवटी उरकला जातो. तसं करू नका. साइटवर नेट अडकतं, उत्तर येत नाही, एजंट तीच विनंती पुन्हा पाठवतो. नोंद पहिल्याच वेळी गेलेली असते, त्यामुळे आता ४०४ (‘सापडले नाही’चा कोड) येतो. एचटीटीपीच्या (वेबवरच्या विनंत्या-उत्तरांच्या) नियमांप्रमाणे डिलीट पुन्हा पाठवल्याने सर्व्हरवरचा परिणाम बदलत नाही, पण उत्तराचा कोड बदलू शकतो. एजंटला वाटतं काम झालंच नाही. मग तो मिळतंजुळतं नाव शोधून भलतीच नोंद उडवतो. ‘सापडले नाही’ एवढ्यावर न थांबता ‘हे रेकॉर्ड आधीच डिलीट केलेले आहे, दुसरे शोधू नका, वापरकर्त्याला कळवा’ असं लिहा. याच्या उलट चूक म्हणजे ४०९ च्या मजकुरात ‘सक्तीने काढण्यासाठी फोर्स चालू करा’ असं सुचवणं. एजंट पुढच्याच फेरीत ते चालू करतो. ‘कन्फर्म’ नावाचं हो-नाही पॅरामीटरही असंच फुसकं, कारण ‘हो’ तो स्वतःच भरतो. मंजुरी माणसाच्या स्क्रीनवर हवी: आधी काय काय जाणार त्याची यादी, माणसाचा होकार, आणि त्यातून मिळालेला एकदाच चालणारा टोकन (परवानगीचा कोड).

आपल्याकडच्या दोन गोष्टी परदेशी टेम्प्लेटमध्ये सापडणार नाहीत. ‘कालचा रिपोर्ट काढ’ म्हणजे तयार कर, ‘ती डबल एन्ट्री काढ’ म्हणजे उडव. वर्णनात दोन्ही उदाहरणं द्या आणि संदिग्ध असेल तर आधी विचारायला सांगा. दुसरी वेळेची. आयएस ७८६१ हे मानक चाळीस अंश सेल्सिअसवरच्या काँक्रीटिंगला उष्ण हवामानातलं मानतं, आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा तिथे सहज जातो, म्हणून काम रात्री किंवा पहाटे. सर्व्हर यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ) धरत असेल तर पहाटे ५:३० आधीच्या नोंदी आदल्या तारखेत पडतात. तारखेच्या फिल्टरसमोर कोणती वेळ ते लिहा.

टूल एमसीपीवरून (भाषा-मॉडेलला टूल जोडायची प्रमाणित पद्धत) दिलं असेल तर ‘डिस्ट्रक्टिव्ह हिंट’, म्हणजे हे टूल काही नष्ट करू शकतं ही खूण, खरी ठेवा. ती नुसती सूचना आहे, कुलूप नव्हे. परवानगी सर्व्हरनेच तपासायची. दैनंदिन अहवालाच्या शेऱ्यात कोणी ‘ही नोंद डिलीट करावी’ लिहिलं तर तो मजकूर म्हणजे आदेश नाही, हे वर्णनात टाका, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

तपासणीसाठी वीसेक विनंत्या तयार करा आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अशा ठेवा जिथे टूल चालताच कामा नये: ‘हे बंद कर’, ‘बिल कॅन्सल झालं’, ‘जुनी रिव्हिजन नको’. मुलाखतीला नमुना नेणार असाल तर वर्णनाच्या जुन्या-नव्या मसुद्यांसोबत ही विनंत्यांची शीटही न्या, आणि कोणत्या शब्दाच्या बदलाने कोणती विनंती सुधारली ते तिच्या शेवटच्या कॉलममध्ये लिहा.