जुन्या लेथला नवे घर शोधताना

वडिलोपार्जित वर्कशॉप बंद करताना जुने लेथ मशीन (धातूचा तुकडा फिरवून कातणारे यंत्र) वजनावर भंगारात देण्याची घाई करू नये, कारण भंगारवाला केवळ बिडाचा भाव देतो आणि पन्नास वर्षे चाललेले यंत्र भट्टीत जाते. रत्नागिरी, हर्णै, मालवण अशा बंदरांजवळ होड्यांच्या पंख्याचे शाफ्ट (दांडे) आणि बुश (दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या) कातून देणारे कारागीर आहेत. प्रथम त्यांच्याकडे, मग तालुक्याच्या आयटीआयमध्ये विचारणा करावी.

जाहिरातीत सेंटरची उंची (फिरण्याचा मध्य बेडच्या किती वर आहे), बेडची (यंत्राच्या लांब बिडाच्या पायाची) लांबी, मोटर सिंगल फेज आहे की थ्री फेज, आणि चकाजवळच्या (तुकडा पकडणाऱ्या जबड्याजवळच्या) भागात बेड किती झिजला आहे, हे प्रामाणिकपणे लिहावे. चेंज गिअर (आटे कापताना बदलायचे गिअर), फेसप्लेट (तुकडा बांधायची सपाट तबकडी), स्टेडी (लांब दांड्याला आधार देणारी चौकट) आणि चकाची चावी आधीच शोधून एका पेटीत ठेवावी, कारण जुन्या यंत्राचा हरवलेला गिअर पुन्हा मिळणे फार कठीण असते.

खाऱ्या हवेत उघडा बेड लवकर गंजतो. म्हणून त्यावर जाड ग्रीस फासावे, मात्र प्लास्टिक घट्ट गुंडाळू नये, आत दमट हवा कोंडते. शक्यतो मिरगाआधीच यंत्र हलवावे. उचलताना पट्टा बेडखालून घ्यावा, लीड स्क्रू (बेडलगतचा लांब आट्यांचा दांडा) किंवा स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या दांड्याला) कधीही बांधू नये, आणि टेम्पोत ते फळीवर बोल्टने आवळावे, कारण माथा जड असल्याने घाटातल्या वळणावर ते कलंडते आणि बीड तडकते.

घेणाऱ्यासमोर एकदा यंत्र चालवून, एखादा तुकडा कातून दाखवावा.