जिवंत पाणपिसूचा सूक्ष्मदर्शकाखाली फोटो कसा काढावा

तळ्याच्या कडेचं, पाणवनस्पतींमधलं पाणी बरणीत घेऊन उजेडासमोर धरा. टिंबाएवढे जीव वळवळताना दिसतील. थांबत-थांबत उड्या मारते ती डाफ्निया, म्हणजे पाणपिसू. झपकन निसटतो तो सायक्लॉप्स. अंडी वाहणारी मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात. बारीक बी घरंगळावं तशी तळाशी फिरते ती दोन झडपांच्या कवचाची ऑस्ट्रॅकॉड. हे सगळे कोळंबी-खेकड्यांचे भाऊबंद, बहुतेक अर्धा ते तीन मिलिमीटर लांबीचे. यांच्या फोटोचं निम्म्याहून जास्त काम काचपट्टीवरच होतं, कॅमेरा नंतर येतो.

जीव उचलणं

बरणी अर्धीच भरा, झाकण सैल ठेवा, उन्हात ठेवू नका. नळाचं क्लोरीन असलेलं पाणी त्यात घालू नका. त्याने हे जीव मरतात. ड्रॉपरचं टोक तिरकं कापून तोंड रुंद करा, नाहीतर मोठी डाफ्निया आत शिरताना दुखावते. एका ताटलीतून दुसरीत सोडताना टोक पाण्याखाली धरा. वरून थेंब टाकला तर तिच्या कवचात हवा अडकते आणि ती पृष्ठभागालाच चिकटून तरंगत राहते.

काचपट्टीवर जागा करणं

घाई नेमकी इथेच होते. थेंबावर कव्हर स्लिप, म्हणजे वरून झाकायची पातळ काच, नुसती ठेवली की तिच्या भारानेच जीव चिरडतो. म्हणून स्लिपच्या चारही कोपऱ्यांना मुलांच्या खेळातल्या मऊ क्लेचे, मोहरीपेक्षाही लहान गोळे लावा. स्लिप ठेवा, ४ पट ऑब्जेक्टिव्हमधून (काचपट्टीकडच्या भिंगातून) बघत राहा आणि एकेक कोपरा टाचणीने हलकेच दाबत जा. प्राण्याला पोहता येईना, पण पाय मात्र हलताहेत, तिथे थांबा. पाणी जास्त असेल तर कडेला टिपकागद लावून थोडं ओढून घ्या.

आता डाफ्नियाच्या पाठीकडे, डोक्याच्या जरा मागे बघा. पारदर्शक पिशवीसारखं काहीतरी सेकंदाला अनेकदा आकुंचन पावतंय, ते हृदय. पोटाखालच्या पायांची हालचालही सतत चालू असते. ठोके मंदावले की लगेच पाण्याचा एक थेंब द्या. फारच चुळबुळ करणाऱ्या सायक्लॉप्सला साध्या सोडावॉटरचा एखादा थेंब शांत करतो, पण तो शेवटचा उपाय समजा. जास्त झाला तर जीव जातो.

प्रकाश

दिवा एलईडीचाच बरा. हॅलोजनने एवढंसं पाणी लवकर तापतं. शरीर पारदर्शक असल्याने पूर्ण उजेडात कडा विरून जातात. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, काढून नळीत बघा. दिसणाऱ्या उजळ वर्तुळाचा तीन-चतुर्थांश भाग उरेल इतपत कंडेन्सरचा (काचपट्टीखालून प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचा) डायफ्रॅम, म्हणजे लहान-मोठं होणारं त्याचं छिद्र, मिटवा. त्याहून मिटवला तर कडांना काळ्या दुहेरी रेषा येतात.

मला मनापासून आवडतो तो काळ्या पार्श्वभूमीचा फोटो. त्यासाठी कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या जागी, पारदर्शक प्लास्टिकवर मधोमध काळ्या कागदाची गोल चकती चिकटवून ठेवा आणि डायफ्रॅम पूर्ण उघडा. आयपीस काढून पाहिल्यावर वर्तुळ नुकतंच पूर्ण काळं झालेलं दिसलं की चकतीचं माप बरोबर. ४ आणि १० पटीला ही युक्ती छान चालते. पायांवरचा एकेक केस चांदीच्या तारेसारखा उठून येतो.

फोटो

आयपीसवर १८ हा क्षेत्रांक (दिसणाऱ्या वर्तुळाच्या मापाचा आकडा, फील्ड नंबर) असेल तर ४ पटीला ४.५ मिलिमीटर आणि १० पटीला १.८ मिलिमीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं. म्हणजे दोन मिलिमीटरची डाफ्निया १० पटीत पूर्ण मावणारच नाही. ४० पटीचा मोह आवरा. ते भिंग काचेच्या इतकं जवळ येतं की क्लेवर उचललेल्या स्लिपवर आदळेल.

मोबाइल अडॅप्टरने आयपीसवर पक्का बसवा, मुख्य कॅमेराच वापरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, टायमर लावा. शटर सेकंदाच्या २५०व्या भागाहून जलद ठेवा, नाहीतर डाफ्नियाचा सतत थरथरणारा तो एकुलता काळा डोळा पुसट येतो. हृदयासाठी मात्र व्हिडिओच घ्या.

१० पटीला काही मायक्रोमीटर जाडीचाच थर स्पष्ट दिसतो, प्राणी त्याच्या कित्येक पट जाड. जिवंत प्राण्याचे वेगवेगळ्या खोलीवरचे फोटो जोडायला गेलं तर तो मध्येच हलतो. म्हणून एकच थर निवडा: डोळा, आतडं किंवा अंडी. फोटो जोडण्याचा सराव करायचा असेल तर बरणीत तरंगणारी कात शोधा. डाफ्निया वाढताना कवच टाकत जाते. ती कात हलत नाही आणि तिच्यावरची जाळीदार नक्षी अप्रतिम दिसते. सूक्ष्म फोकस जरा-जरा फिरवत वीसेक फोटो घेऊन सॉफ्टवेअरमध्ये जोडा.

प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला स्टेज मायक्रोमीटरचाही (बारीक मापाच्या खुणा कोरलेल्या काचपट्टीचाही) एक फोटो काढून ठेवा, म्हणजे नंतर मापपट्टी टाकता येते.

पाचेक मिनिटांत प्राणी परत बरणीत सोडा आणि पाणी ज्या तळ्यातलं त्याच तळ्यात नेऊन ओता. पण मादीच्या पाठीवरच्या पिशवीतल्या पिल्लांचे डोळे काळे झालेले दिसले, तर तिला त्याच तळ्याच्या पाण्यात वेगळ्या वाटीत ठेवा. २० अंश सेल्सिअसच्या आसपास अंड्यापासून पिल्लू बाहेर पडायला साधारण तीन दिवस लागतात. डोळे काळे झाले म्हणजे त्यातले बहुतेक सरले. त्या दिवशी सूक्ष्मदर्शक आवरून ठेवू नका.