मधमाशीचे जीवनचक्र दिनदर्शिकेवर शिकवावे

लहान मुलांकडून मधमाशीच्या चार अवस्था पाठ करून घेण्याऐवजी त्या दिनदर्शिकेवर दाखवाव्यात. पेटीत पाळल्या जाणाऱ्या मेलिफेरा जातीच्या कामकरी माशीचे तांदळाच्या दाण्याहून बारीक अंडे पहिल्या दिवशी, त्यातून निघणारी बिनपायांची पांढरी अळी 3 दिवसांनी, मेणाने बंद झालेले घर नवव्या दिवसाच्या सुमारास आणि कोशातून बाहेर येणारी माशी 21व्या दिवशी, अशी चित्रे मुलांनी त्या त्या तारखेलाच काढावीत. छोटी माशी वाढून मोठी होते, हा मुलांचा (आणि कित्येक मोठ्यांचाही) समज मात्र आवर्जून दूर करावा, कारण बाहेर पडणारी माशी पूर्ण आकाराचीच असते. राणीला सुमारे 16 आणि नराला 24 दिवस लागतात, हे नंतर सांगितले तरी चालेल. आग्या माशांचे पोळे दाखवायचेच असेल, तर ते दुरूनच दाखवावे.